धीर देऊन निघालेली माणसं

घरात तिला अजून बेबी म्हणत. चाळिशी उलटून गेली होती, कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता एक अख्खी पिढी तिच्या हाताखालून गेली होती. तरी दादा-वहिनीला ती बेबीच, आणि खाली दादाच्या वर्कशॉपात बिघडलेले फ्रीज घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना बेबीमॅडम.

डोळ्यांचं तिला विशीपासून माहीत होतं. पडद्याचा आजार, आईकडून आलेला, कडेकडून आत सरकत येणारा. आधी जिन्याच्या कडा गेल्या. मग रस्त्यात आडवे येणारे सायकलवाले दिसेनासे झाले. मग वर्गातली दोन्ही टोकांची बाकं गेली आणि त्या बाकांवरच्या पोरांची चंगळ झाली. शेवटी शेवटी पुस्तक नाकाशी धरलं की एका वेळी एकच शब्द दिसायचा, नळीतून बघितल्यासारखा. एक दिवस तोही दिसेना. कॉलेजने लांबची रजा दिली आणि बेबी वरच्या मजल्यावरच्या खोलीत येऊन बसली.

त्या वेळी तिचा पीएचडीचा प्रबंध निम्मा झाला होता. विषय तिनेच हौसेने घेतला होता: इंग्रजी कादंबरीकार आशेचे वाक्प्रचार कसे वापरतात. पुढे सगळं बरं होईल, हे सांगायला इंग्रजीत ठरलेले बोल खूप. प्रत्येक ढगाला रुपेरी कड असते. पहाटेच्या आधीच अंधार जास्त दाटतो. ओहोटी लागली तशी भरतीही येईल. बोगद्याच्या टोकाला उजेड असतो. जुन्या कादंबऱ्यांतून असली वाक्यं वेचून तिने ढीग लावला होता. कुठल्या लेखकाला कुठला बोल आवडतो, कुठल्या काळात कुठला मागे पडला, असं सगळं रचून ठेवलं होतं.

मार्गदर्शक सर भेटायला आले ते जिना चढून धापा टाकत. ते तिचे एमएचेही सर. निवृत्तीला आलेले, स्वभावाने मऊ. खुर्चीत बसून त्यांनी आधी पाणी मागितलं, मग हवापाण्याचं बोलले, मग घसा खाकरला.

"हे बघ, तू हा प्रबंध सोडलास तरी कुणी नाव ठेवणार नाही."

"सोडू म्हणता?"

"तसं नाही गं. पण एवढ्या जाडजूड कादंबऱ्या, बारीक टाइप... कोण वाचून दाखवणार? त्यापेक्षा छोटे छोटे लेख लिही. विद्यापीठाकडे मुदतवाढही मागता येते, पण किती ओढायचं? तू खचू मात्र नकोस हां. बोगदा कितीही लांब असला तरी टोकाला उजेड..."

सर मध्येच थांबले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"निघतो मी. तुमच्या जिन्यातला दिवा गेलाय वाटतं."

"गेला असेल. मला कुठं कळायला!" बेबी म्हणाली.

सरांची पावलं खाली गेली तशी वहिनी वर आली. वहिनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळपासून लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढायचं आणि दुपारी रिपोर्ट तपासायचे, हे तिचं काम. बोलणंही तसंच, नेमकं आणि टोचणारं.

"काय म्हणाले सर?"

"बोगद्याच्या टोकाला उजेड असतो म्हणाले."

"कुणाला? तुला?"

वहिनीला हसू फुटलं. ते दाबायला तिने तोंडावर पदर धरला, पण बेबीला ऐकू यायचं ते आलंच, आणि तीही हसायला लागली. पोट धरून दोघी हसल्या. हसू ओसरल्यावर बेबीने डोळे पुसले.

"वहिनी, मी सोडणार नाही."

"सोड म्हणतंय कोण? काय करायचं ते सांग."

कॉम्प्युटरवर स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलं. त्यातली बाई नाकात बोलायची म्हणून घरात तिचं नाव नकटी पडलं. नकटी न थकता तासन् तास वाचायची, पण तिला वाचता येणार नाहीत अशी जुनी पुस्तकं खूप होती: पिवळी पडलेली, हात लावला की कोपरा तुटणारी, ग्रंथालयाच्या तळघरातली. ती वाचायला वहिनी बसली. लॅबमधून आली, हात धुतले, की दुपारचा चहा आणि कादंबरी. ती इंग्रजी वाचायची ते हिमोग्लोबिनचा आकडा वाचावा तसं. प्रेमपत्र असो की मृत्युपत्र, सूर एकच.

"जरा भाव आणून वाच की," बेबी म्हणायची.

"भाव तुझा तू आण. मी अक्षरं देते."

अशाच एका दुपारी एका आजारी मुलीची गोष्ट चालली होती. मुलगी दिवस दिवस अंथरुणावर पडून, बाप तिच्या उशाशी. घराण्याचा जुना मित्र भेटायला येतो आणि बापाला सांगतो, ढगाला रुपेरी कड असतेच. बेबीने हात वर केला.

"थांब. मिळालं. एवढंच हवं होतं."

"परिच्छेद तरी संपू दे. सुई अर्धी घालून कुणी थांबतं का?" वहिनी पुढे वाचत राहिली. एवढं बोलून मित्राने टोपी उचलली, बाहेर घोडागाडी उभी होती तिचा विचार त्याच्या मनात आला, आणि दाराशी एकदा मागे वळून तो निघून गेला. वहिनीने पुस्तक मांडीवर ठेवलं. "गेला! हाही गेला."

"हाही म्हणजे?"

"कालच्या पुस्तकातला तो पाद्री नाही का? त्या विधवेला म्हणाला भरती येईल, आणि छत्री घेऊन चालायला लागला. ही माणसं धीर दिला की उठतात."

बेबी कपातला चहा विसरली. डोळे होते तेव्हा ती पानावरून नजर फिरवायची, वाक्प्रचार दिसला की तेवढं वाक्य उतरवून घ्यायची आणि पुढचं पान. वाक्यानंतर काय होतं हे तिने कधी बघितलंच नव्हतं. बघायची गरजच वाटली नव्हती. आता नकटी एका शब्दावर थांबत नव्हती आणि वहिनी परिच्छेदाशिवाय थांबत नव्हती, म्हणून ते टोपी उचलणं, ते छत्री शोधणं तिच्या कानावर आलं.

"परवाच्याचं आठवतंय? तो वकील?"

वहिनीने पानं उलटली. वकील बोलून झाल्यावर खिडकीशी जाऊन उभा राहिला होता, सगळ्यांकडे पाठ करून.

"वहिनी, आधीचं सगळं परत वाचावं लागणार."

"सगळं?"

"सगळं. मी वाक्यं गोळा केली आणि माणसं टाकून दिली. कोण बोलतं, कुणाला बोलतं, बोलून झाल्यावर काय करतं, हे हवं. आत्तापर्यंतचं म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

वहिनीने हसू गिळलं.

"हस गं. मी म्हटलं तर चालतं," बेबी म्हणाली.

त्या दिवसापासून तिने पुन्हा पहिल्या कादंबरीपासून सुरुवात केली. सकाळी नकटी, दुपारी वहिनी. पाठीला रग लागली की उठायचं, खोलीत चार फेऱ्या मारायच्या, की पुन्हा बसायचं. पुनर्वसन केंद्रात जाऊन ती पांढरी काठी शिकली, कारण ग्रंथालयात पुस्तक बदलायला दर वेळी कुणाच्या तरी स्कूटरवर बसून जायचा तिला कंटाळा आला होता. केंद्रातल्या काठीच्या बाई कडक होत्या. गटारात पाय गेला तर म्हणायच्या, "गेला? आता ते गटार तुमच्या लक्षात राहील."

जसजसं ऐकत गेली तसतसं चित्र पक्कं होत गेलं. ज्याचं दुखतंय तो हे बोल क्वचितच बोलतो. बोलतो तो भेटायला आलेला. आणि बोल संपतो तिथे लेखक जवळजवळ दर वेळी दार, खिडकी, घड्याळ किंवा टोपी आणतो. आशेचा वाक्प्रचार म्हणजे निघण्याची परवानगी, असं तिने एका ठिकाणी लिहिलं आणि लिहून तिला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं.

त्याच सुमारास दादा वर आला. त्याच्या हाताला तांब्याच्या नळीचा आणि तेलाचा वास होता. त्याने कुठून तरी बातमी आणली होती. कुठल्याशा मोठ्या इस्पितळात पडद्यावरच्या इंजेक्शनचे प्रयोग चालू होते.

"दोन-तीन वर्षांत येतंय बघ इथं. मी नंबर लावून ठेवतो. रात्र मोठी असली म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?" त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. "चल, खाली एकाच्या फ्रीजमध्ये गॅस भरायचाय."

"दादा, बस."

"काय?"

"बोललास ना? आता बस जरा."

"बसून काय करू?"

"तेच मी विचारतेय. काही करू नकोस. बोलून झालं की तू दर वेळी उठतोस. डॉक्टर उठतात, सर उठले, तूही उठतोस. माझ्या पुस्तकातल्या सगळ्या टोपीवाल्यांसारखा."

दादा दाराशी उभा राहिला. त्याला टोपीवाले काही समजले नाहीत, पण बोचलं मात्र नेमकं. "मी तोंडदेखलं बोलतो असं म्हणायचंय तुला? मी?" एवढंच म्हणून तो खाली गेला. थोड्या वेळाने खालून कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली.

भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालं. बेबीने त्या रागातच तिसरं प्रकरण लिहून काढलं. निघून जाणाऱ्यांचं प्रकरण. त्यात तिने एकाही टोपीवाल्याला सोडलं नाही. सरांनी ते वाचलं आणि फोनवर म्हणाले, "धार आहे. छान आहे. जरा जपून, एवढंच." सर पूर्वी आले होते तेव्हाचं त्यांना आठवलं की नाही कोण जाणे. पण ते आता दर आठवड्याला यायला लागले होते आणि येताना पुस्तकं आणत होते.

मग केंद्रातल्या काठीच्या बाईंनी तिला गाठलं.

"बेबीमॅडम, एक काम करा. बस डेपोतले एक ड्रायव्हर आहेत. साखरेच्या आजाराने डोळे गेले. घराबाहेर पडायलाच तयार नाहीत. आम्ही जाऊन आलो, डेपोचे साहेब जाऊन आले. तुम्ही बोलून बघा. तुम्हाला शब्दांतलं कळतं."

ड्रायव्हरचं घर लांब नव्हतं. बेबी काठी घेऊन निघाली. कोपरा वळल्यावर तिला मागे किल्ल्यांचा जुडगा वाजल्यासारखा वाटला. ती थांबली की तो थांबत होता.

"दादा, बरोबर तरी चल, नाहीतर घरी तरी जा."

"मी माझ्या कामाला चाललोय," मागून घुम्या आवाजात उत्तर आलं. ती ड्रायव्हरच्या दारात पोचेपर्यंत ते काम तिच्या मागेच होतं.

आत लोखंडी खाट करकरली. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. ड्रायव्हरच्या बायकोने बेबीला खुर्चीपर्यंत नेलं आणि ती चहा टाकायला गेली.

"केंद्रातून ना?" खाटेवरून आवाज आला. "आधीच्या बाई म्हणाल्या, एक दार बंद झालं की दुसरं उघडतं. डेपोचे साहेब म्हणाले, काळ हेच औषध. तुम्ही काय आणलंय?"

"माझ्याकडे पोतंभर आहेत असली. कुठलं देऊ?"

"चेष्टा करता?"

"नाही हो. तीच गोळा करायचं काम आहे माझं. कॉलेजात शिकवते. मलाही दिसत नाही."

तो जरा सैलावला. किती वर्षं गाडी चालवली, कुठल्या रस्त्याला कुठला खड्डा, कुठला प्रवासी सुट्ट्या पैशांवरून रोज भांडायचा, हे सांगायला लागला. मग अचानक थांबला.

"तुमचं बरं आहे, बाई. तुम्हाला काम तरी आहे. एवढी मोठी गाडी माझ्या दोन हातांत असायची. भरलेली. आता ताट कुठंय ते बायको हात धरून दाखवते. सांगा, यावर तुमच्या पोत्यात काय आहे?"

रेडिओ बोलत होता. स्वयंपाकघरात कपबशा वाजायच्या थांबल्या होत्या. खोलीत हवा कमी झाल्यासारखं झालं. ती उठली. काठी चाचपली, दारापर्यंत आली, कडीवर हात ठेवला, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"धीर धरा. होईल सगळं ठीक."

"हं," खाटेवरून आवाज आला. "या."

कडी धरून ती तशीच उभी राहिली. हातातल्या लोखंडाची तिला लाज वाटली. मग ती वळली. खुर्ची शोधताना गुडघा खाटेच्या कडेवर आपटला आणि तोंडातून चांगलाच मोठा आवाज निघाला.

"काय राहिलं?" ड्रायव्हरने विचारलं.

"चुकलं माझं. ठीक होईल की नाही मला काय माहीत? मला इथं बसवेना, म्हणून बोलले आणि निघाले."

"मग परत कशाला आलात?"

"बसायला."

चहा आला, पिऊन झाला. बातम्या संपून गाणी लागली. बेबी गुडघा चोळत बसली होती.

"दाढी," ड्रायव्हर म्हणाला.

"काय?"

"बायको दाढी करून देते. बोलत काही नाही, पण तिचा हात थरथरतो. ब्लेड गालावर असतं ना, मला कळतं. तेवढं एक माझं मला करता आलं तर बरं होईल."

"मला दाढीतलं ओ की ठो कळत नाही. उद्या भावाला घेऊन येते."

"आणि तो नाही आला तर?"

"तर मी एकटी येते. दोघं मिळून कापून घेऊ तुमचे गाल."

ड्रायव्हरने नाकातून आवाज काढला. हसण्याचा असावा.

बाहेर दादा शेजारच्या दुकानाच्या फळीवर बसून राहिला होता. "दादा, तुला उद्या माझ्याबरोबर एका माणसाला दाढी शिकवायला यायचंय," ती म्हणाली.

"मी काय न्हावी आहे?"

"रोज करतोस ना स्वतःची?"

"आरशात बघून करतो."

"मग उद्या न बघता कर."

दादा कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी नवी कोरी दोन रेझर, साबण आणि टॉवेल घेऊन जिन्याखाली तयार उभा होता. ड्रायव्हरच्या खोलीत त्याने बादली मागवली, खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि डोळे मिटून घेतले. खरंच मिटले, हे बेबीला नंतर ड्रायव्हरच्या बायकोने सांगितलं. डाव्या हाताने कातडी ताणायची, बोटाने केसांची दिशा बघायची, मग रेझर बोटाच्या मागून न्यायचं, असं तो बोलत बोलत स्वतःच्या गालावर करत होता आणि ड्रायव्हर ऐकून आपल्या गालावर. कानापासून हनुवटीपर्यंत ठीक चाललं. मग दादा "आई गं" म्हणून ओरडला.

"कापलं का?" ड्रायव्हरने विचारलं.

"जरासं. हनुवटीला."

"राहू द्या मग. पुढचं मी करतो, तुम्ही बघा."

बायको दारात उभी राहून हसत होती, आणि हसता हसता नाक ओढत होती. ड्रायव्हरने उजवा गाल आपला आपण केला. ओठावर थोडी खुंटं राहिली. त्याने बोटाने चाचपून ती दोनदा पुन्हा काढली. घाईचं काहीच कारण नव्हतं.

परत येताना दादा बेबीच्या बरोबरीने चालला. हनुवटीला कागदाचा कपटा लावला होता, तो वाऱ्याने फडफडत असल्याचं त्यानेच सांगितलं.

"त्या दिवशी मी उठून गेलो ना," तो म्हणाला, "गॅसबिस काही भरायचा नव्हता."

"मग कॉम्प्रेसर कशाला लावलास?"

"रिकामाच लावला. आवाज व्हावा म्हणून. तुझे कान फार तिखट झालेत आता."

पुढच्या चौकात बेबीने त्याचा दंड धरला. काठी होती, रस्ता पाठ होता, तरी धरला.

घरी आल्यावर तिने नकटीकडून तिसरं प्रकरण वाचून घेतलं. नकटीच्या नाकातल्या आवाजात तो सगळा राग हिशेबनीस बाईने वाचल्यासारखा सपाट झाला, आणि त्यातलं कच्चं काय ते सरळ ऐकू आलं. तिने सरांना फोन केला.

"सर, तिसरं प्रकरण काढून टाकतेय. परत लिहिते."

"अगं, सबमिशन तोंडावर आलंय! चांगलं झालंय ते."

"चुकलंय ते. निघून जाणारा प्रत्येक जण सुटका करून घेतो असं मी लिहिलंय. पण तो वकील खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला, ते का? लेखकाने पुढच्याच ओळीत त्याचा रुमाल काढलाय. मी ती ओळ ऐकली होती सर, आणि सोडून दिली."

"आणि नुसतं थांबणाऱ्यांचं काय? मागे तू एका कादंबरीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं सांगत होतीस. ती मैत्रिणीला म्हणते, गुरुवारी येते तेव्हा पडदे धुऊ. त्यात वाक्प्रचारच नाही. तुझ्या विषयात ते बसणार कुठे?"

"जिथे लेखकाला खरंच आशा द्यायची असते तिथे तो ठरलेला बोल टाळतो. टाळणंही वापरण्यातच येतं की. चौथं प्रकरण तेच असेल."

"परीक्षक फाडून खातील तुला."

"खाऊ देत. मुदतवाढ मागता येते, तुम्हीच म्हणाला होता."

सर म्हणाले, "अर्ज मी टाइप करतो. तू वाचायला बस."

वाचायला जास्त वेळ मिळावा म्हणून वहिनीने तेवढ्यापुरती लॅबमधली सकाळची पाळी बदलून घेतली. पुन्हा तेच उशाशी बसलेले बाप, तेच पाद्री, तेच वकील. या खेपेला बेबी प्रत्येक निघणाऱ्यापाशी थांबत होती. हा घड्याळ बघतो, हा सुटला. हा दार लावताना दोनदा चुकतो, हा नाही सुटला. काहींचं काहीच कळत नव्हतं. तिथे तिने तसंच लिहिलं, की कळत नाही. हे लिहिणं सर्वांत अवघड गेलं. संतापून लिहिताना बोटं आपोआप चालली होती. आता एकेका वाक्याशी दोन-दोन दिवस झटापट चालायची. कंटाळून एकदा ती म्हणाली, "वहिनी, सोडू का गं?" वहिनीने पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद सुरू केला.

व्हायवाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या पेनाचं टोपण टेबलावर टकटक वाजत होतं. पुष्कळ विचारून झाल्यावर टकटक थांबली.

"एक स्पष्ट विचारते. राग मानू नका. लोक असा धीर ज्यांना देतात, त्यांच्यातल्या तुम्ही एक आहात. तुमचं वाचन एका बाजूला झुकलेलं नाही कशावरून?"

सरांनी श्वास रोखल्याचं बेबीला शेजारी ऐकू आलं.

"झुकलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "पहिल्यांदा मी खुर्चीत बसलेल्याच्या बाजूने वाचलं आणि दाराशी उभ्या असलेल्यावर खटला भरला. मग एकदा मलाच कडीवर हात ठेवून तेच वाक्य बोलावं लागलं. त्यानंतर तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. आत्ता तुमच्यासमोर आहे ते दुसऱ्यांदा लिहिलेलं. त्यातही काही झुकलेलं राहिलं असेल तर दाखवा, तिसऱ्यांदा लिहीन."

"तिसऱ्यांदा?"

"हो. सवय झालीय आता."

परीक्षक बाईंनी दोन जागा दाखवल्या. एक बेबीला पटली, ती तिने तिथल्या तिथे मान्य केली. दुसरी पटली नाही. त्यावर दोघींचं एवढं जुंपलं की सरांना मध्ये पडून सगळ्यांसाठी चहा मागवावा लागला. चहा पिता पिता परीक्षक बाईंनी तो मुद्दा सोडून दिला. पटला म्हणून की घसा दुखायला लागला म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही.

पदवी मिळाली. पुढच्या सत्रापासून बेबी कॉलेजात रुजू झाली. पहिल्या आठवड्यात पोरांनी मागच्या दाराने पळून बघितलं. तिने पावलांवरून तिघांना नावानिशी परत बोलावल्यावर तो प्रकार बंद झाला. ड्रायव्हरला डेपोने चौकशीच्या फोनवर बसवलं, कारण सगळे मार्ग आणि सगळ्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या. महिन्या-दोन महिन्यांतून तो दादाच्या वर्कशॉपात येऊन बसतो. दोघं काय बोलतात कुणास ठाऊक, पण कॉम्प्रेसर बंद असतो.

निकालाच्या दिवशी सर पेढ्यासारखे गोड होऊन घरी आले होते. "आता जरा विश्रांती घे," ते म्हणाले.

"घेते की. रविवारपर्यंत."

"आणि रविवारनंतर?"

"मराठी कादंबऱ्या. धीर द्यायला आपल्याकडे काय कमी बोल आहेत का? आपली माणसं ते बोलून उठतात की बसतात, ते बघायचंय."

वहिनीने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "अरे देवा! म्हणजे परत वाचायचं?"

"हो."

"बरं. या वेळी निदान शब्द न शब्द कळेल तरी मला. पण भावबिव आणणार नाही हां, आधीच सांगते."

सोमवारी दुपारी लॅबमधून येताना वहिनीने ग्रंथालयातून पहिल्या दोन कादंबऱ्या आणल्या. तिने हात धुतले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि पहिलं पान उघडलं.